पुलाच्या खिडक्या ठोकणारा

पूर आला त्या दुपारी पुलावर कोण कोण होतं ते आधी सांगते. मी होते. माझी सून वैशाली होती, ड्यूटीच्या निळ्या कपड्यांतच धावत आलेली. केविन होता, त्याच्या डेअरीवर मी वासरांना दूध पाजते. हरजीत होता, शायरचा इंजिनिअर. शायर म्हणजे इथली आपली जिल्हा परिषद म्हणा. त्यानं पगडीवर प्लास्टिकची पिशवी चढवली होती. आणि म्हातारा होता. बाकी कुणी नव्हतं. नंतर टाउनमध्ये पुष्कळ जण सांगायला लागले, आम्ही पण होतो म्हणून. नव्हते.

म्हाताऱ्याचं नाव मी सांगणार नाही. त्याला ते चाललं नसतं.

मला लिहायची सवय नाही. चौथीनंतर शाळा सुटली. वैशाली म्हणाली, "आई, मेलबर्नच्या मंडळाच्या अंकात द्या. तुम्ही बोलता तसंच लिहा, कुणी हसत नाही." हसले तरी काय, माझं आता हसण्या-रडण्याचं काही राहिलं नाही.

हा पूल लाकडी आहे. लई जुना. वर पत्र्याचं छप्पर, दोन्ही अंगांना फळ्यांच्या भिंती. आत शिरलं की दुपारी पण अंधारतं. भिंतींना खिडक्या आहेत, पण पार खालपासून वरपर्यंत, दारासारख्या. नदी भरून वर आली की त्या खिडक्या उघडायच्या, म्हणजे पाणी आरपार जातं. नाही उघडल्या तर पाणी भिंतीला रेटतं आणि अख्खा पूल घेऊन जातं. हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हाताऱ्याला पण ठाऊक होतं. आणि तोच त्या खिडक्या फळ्या मारून बंद करत होता. वर्षानुवर्षं.

माझं इथं येणं कसं झालं ते थोडक्यात सांगते. मुलगा आधी मेलबर्नच्या कडेला क्रेगीबर्नला होता, एका घरात सात-आठ पोरं. कुणीतरी सांगितलं, रिजनलला, म्हणजे खेड्याकडं जा, पीआर लवकर होतं, कायमचं राहता येतं. मग इथं आला, दुधाचा टँकर चालवायला लागला. वैशालीला म्हाताऱ्या माणसांच्या होममध्ये काम मिळालं. नात झाली तसं मला बोलावून घेतलं. मी आले आणि वर्ष भरायच्या आत टँकर धुक्यात उलटला. मला त्याचं तोंड पाहू दिलं नाही. पाहण्यासारखं नाही म्हणाले. वैशालीनं आठवडाभर डोळ्याला पदर लावला, म्हणजे पदर कुठला, टॉवेल लावला, आणि शिफ्टला गेली. व्हिसा अर्धा राहिलेला, जायचं कुठं? मी केविनकडं वासरं सांभाळायला गेले. गुरांचं मला येतं. गुरांना इंग्रजी लागत नाही.

आमचं घर नदीच्या अलीकडं, गोठा पलीकडं. मध्ये पूल.

पहिल्याच दिवशी संध्याकाळी परत येताना पुलाच्या तोंडाशी आले. आत अंधार, लाकडाचे खांब, वर छप्पर, खाली पाण्याचा आवाज. मला आपलं गावचं देऊळच वाटलं, सभामंडप असतो तसं. माझ्या पायात केविनच्या बायकोचे गमबूट, शेणानं भरलेले. मी ते काढून बाहेर नीट जोडीनं ठेवले आणि अनवाणी आत गेले. सकाळी कामाला येताना तिथनंच परत घालावेत असा विचार. निम्म्यात आले तर मागून कुणीतरी धावत आलं आणि दंडाला असं धरलं की आठवडाभर निळं राहिलं. बघते तर एक उंच म्हातारा. एका हातात हातोडा. तोंडात खिळे. आणि दात आवळून काय काय बोलतोय.

मी ओरडले. मला वाटलं, आता हा मला मारतो.

केविन मागून बाइकवर आला. "सोड तिला! माझ्याकडं कामाला आहे ती!"

"हिनं बूट काढले," म्हातारा म्हणाला.

"बूट का काढलेस, विचारतोय," केविननं मला हातवारे करून सांगितलं.

मी माझ्या तोडक्या इंग्रजीत सांगितलं, काऊ पू. टेंपल. नो शूज.

"तिला वाटलं देऊळ आहे, मेट. चर्च."

म्हाताऱ्यानं तोंडातले खिळे एकेक करून काढले, खिशात टाकले. माझा दंड सोडला. म्हणाला, "चर्च नाही हे. इथं बूट काढायचे नाहीत. कधीच नाही." आणि बाहेर जाऊन माझे शेणाचे बूट स्वतः उचलून आणले, माझ्यापुढं ठेवले, आणि मी पाय घालीपर्यंत हलला नाही.

घरी येऊन वैशालीला सांगितलं. म्हणाली, "आई, त्यांना वाटलं तुम्ही उडी मारताय."

मी म्हटलं, "जीव द्यायचा असता तर गावाकडं विहिरी काय कमी होत्या? त्यासाठी विमानात बसून एवढ्या लांब कशाला येईन?"

ती हसली नाही. मुलगा जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते, तिनं पण मनात काही धरलं असेल.

मग केविनकडून कळलं. म्हाताऱ्याची बायको त्या पुलावरून गेली होती. फार पूर्वी, केविन शाळेत होता तेव्हा. पुलाच्या तोंडाशी तिचे बूट नीट जोडीनं ठेवलेले सापडले. ती खाली लांब कुठंतरी सापडली, म्हणजे जे सापडलं ते तिचं असं म्हणाले. का गेली ते कुणी सांगत नाही. इथं तसं विचारत नाहीत. म्हातारा तर म्हणायचाच नाही की मेली. म्हणायचा, "ती पाणी बघायला गेली."

तेव्हापासून तो खिडक्या ठोकायचा. पुलाच्या तोंडाशीच त्याचं घर. शायरची माणसं यायची, फळ्या उचकटून जायची. पूल जुना आहे, नावाजलेला आहे, बघायला लोक येतात, त्यांना खिडकीतून नदी दिसली पाहिजे. माणसं गेली की संध्याकाळी हा हत्यारांची पेटी घेऊन हजर. ठाक ठाक ठाक. शायरला पण कंटाळा यायचा. वर्षातून एखाद वेळी त्यांची माणसं येऊन दम देऊन जायची. पोलीस पण आला होता एकदा. म्हाताऱ्यानं त्याला शिडी धरायला लावली म्हणतात.

तो खिळे तोंडात धरायचा, आणि काढायचा विसरायचा. त्यामुळं सगळं बोलणं दात आवळून. मी इथं नवी. मला कित्येक महिने वाटायचं, इंग्रजी असंच बोलतात, तोंड न उघडता. मी पण वैशालीपुढं तसं बोलून बघितलं. नात म्हणाली, "आजी, यू साउंड लाइक अ डक."

गाडी पुलावरून माणसाच्या चालीनं न्यायचा. दिवसाढवळ्या दिवे लावून. मागं कुणी हॉर्न वाजवला की गाडी थांबवून उतरायचा, मागच्या गाडीच्या काचेत डोकं घालून विचारायचा, "नदी पळून चालली का?" पाण्याकडं बघत उभ्या राहिलेल्या माणसाला म्हणायचा, "पाणी गुरांनी बघायचं असतं. तुला तहान लागली का? नाही ना? मग चल." शहरातली पोरं फोटो काढायला यायची, त्यांना काठीनं हाकलायचा. एका नवऱ्या-नवरीला, पांढरा झगा घातलेली नवरी, तिला म्हणे धरून पुलाबाहेर नेऊन गाडीत बसवलं आणि दार लावून घेतलं. नवरा बोंबलतोय मागून.

मला मिसेस म्हणायचा. मी त्याला मराठीत बोलायचे, तो इंग्रजीत. दोघांचं भागायचं. शायरनं उचकटून टाकलेले वाकडे खिळे तो गोळा करून आणायचा आणि सरळ करत बसायचा. एक दिवस मी घरून खलबत्त्यातला बत्ता घेऊन गेले आणि त्याच्या पायरीवर बसून ठोकायला लागले. त्यानं बघितलं. हातात घेऊन वजन केलं. "गुड हॅमर," म्हणाला. त्या दिवसापासून गोठ्यातून येताना मी त्याच्याकडं टेकायचे. माझ्या चहाला तो चिखल म्हणायचा आणि दोन कप प्यायचा. मी त्याच्या पावाला खापर म्हणायचे. कुणी काही विचारायचं नाही. मुलगा गेल्यापासून जो भेटेल तो मला विचारायचा, कशा आहात, कशा आहात. काय सांगायचं? हा विचारत नव्हता. खिळे सरळ करायचे, घरी जायचं.

एक गोष्ट सांगते, म्हणजे माणूस कळेल. मुलाचं वर्षश्राद्ध आलं. भटजी मेलबर्नला, आम्ही इकडं. म्हटलं, आपल्याला जमेल तेवढं करू. भात, वरण, त्याला आवडायचं ते भरलं वांगं, सगळं पानावर वाढून नदीच्या काठावर नेऊन ठेवलं आणि लांब जाऊन उभी राहिले. इथं कावळे आहेत, काळे-पांढरे मॅगपाय आहेत, म्हटलं कुणीतरी शिवेल. वाट बघतेय, बघतेय, एक पण पाखरू येईना. पुढं होऊन बघते तर झुडपाच्या पलीकडं म्हातारा उभा. हॅट फिरवतोय. पाखरू आलं की हुर्र, हुर्र करून हाकलतोय!

"अरे बाबा, काय करतोस!" मी ओरडले. "येऊ दे त्यांना! त्यांच्यासाठीच ठेवलंय!"

"दे आर पिंचिंग इट," तो म्हणाला, म्हणजे चोरतायत. घामाघूम झाला होता. "केविन म्हणाला, तुझ्या मुलाचं जेवण आहे. मी सकाळपासून राखतोय."

त्याला समजावताना माझी दमछाक झाली. पाखरू खातं, मग ते त्याला पोचतं. असं कसं, तसं कसं. वैशालीला फोन लावून दिला, तिनं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, हॅट डोक्यावर घातली आणि निघून गेला. मग कावळा आला.

दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "मिसेस, बायको असली तर काय ठेवायचं?"

म्हटलं, तिला आवडायचं ते.

त्यानं टोस्ट भाजला, वर संत्र्याचा मुरांबा लावला. पुलावरची एक खिडकी त्यानं स्वतः उघडली. मी तिथं आल्यापासून पहिल्यांदा त्याला खिडकी उघडताना बघितलं. कडेला टोस्ट ठेवला. मॅगपाय आला, टोस्ट उचलून उडाला. म्हातारा नदीकडं बघत राहिला. मला भीती वाटली, मी त्याच्या शर्टाचं टोक धरून ठेवलं. मग त्यानं फळी लावली आणि तिला एवढे खिळे मारले, एवढे खिळे मारले, की लाकूड दिसेना. तेव्हा कळलं, हीच ती खिडकी.

आता पूर.

आमच्याकडं थेंब नव्हता. पाऊस झाला वर डोंगरात. सकाळी नदी तपकिरी झाली, दुपारपर्यंत शेतात शिरली. झाडं वाहत येत होती, मुळांसकट. एक गाय आली, फुगलेली. केविननं ओळखली, वरच्या शेजाऱ्याची. मी गोठ्यात होते, वैशाली मला न्यायला आली होती. पाणी पुलाच्या फळ्यांना लागायला आलं होतं आणि वरच्या अंगाची भिंत धरणासारखी पाणी अडवून उभी. अख्खा पूल करकरत होता. हरजीत ट्रकमधून पहारी घेऊन उतरला.

आत बघतो तर म्हातारा मधोमध उभा. हातात हातोडा.

"कुणी हात लावायचा नाही," म्हणाला.

"अरे मेट, खिडक्या उघड!" केविन ओरडला. "पूल जाईल! माझ्या दोनशे गायींचं दूध काढून कुठून पाठवू? तुझं घर पण जाईल, वेड्या!"

"जाऊ दे."

हरजीत माझ्याकडं वळला. "माँजी, आप बोलो इनको. तख्ते नहीं निकले तो पुल गया. और ये भी गया."

वैशालीनं माझा हात धरला. "आई, तुम्ही आत जायचं नाही. मी सांगतेय. एक गेलाय ना? पुरे."

मी हात सोडवून घेतला. आत गेले. म्हातारा तिथंच उभा. मला म्हणाला, "मिसेस, उघडलं की कुणीतरी जातं."

मला काय सुचलं कुणास ठाऊक. मी म्हटलं, "तू उघड. मी खिडकीत उभी राहते. माझ्या अंगावरून कोण जाईल?"

मराठीत म्हटलं. पण मी खिडकीला पाठ लावून हात आडवे केले ते त्याला समजलं. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग पहार घेतली आणि फळी उचकटली. पाणी सपकन आत आलं, माझ्या घोट्यावरून पलीकडं गेलं. मी नदीकडं पाठ करून तशीच उभी. तो पुढच्या खिडकीशी गेला आणि थांबला. मागं बघायला लागला.

"वैशाली!" मी हाक मारली.

ती रडत, मला शिव्या देत आली. सून मला शिव्या देते हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. पण आली, आणि उभी राहिली. मग केविन. मग हरजीत, वाहेगुरू वाहेगुरू करत. एकेक खिडकी उघडायची, एकेकानं आडवं उभं राहायचं, पुढची उघडली की सरकायचं. म्हातारा एकटाच फळ्या काढत होता. दुसऱ्या कुणाला काढू दिल्या नाहीत. हातांतून रक्त येत होतं. त्याचेच खिळे, त्यानंच जीव लावून मारलेले, निघता निघेनात.

शेवटी ती एक राहिली. त्यानं पहार खाली टाकली आणि तिला पाठ लावून उभा राहिला.

"ही नाही."

तेवढ्यात एक ओंडका वरून आला आणि पुलावर आदळला. छपरावरचे पत्रे वाजले. पायाखालची जमीन बाजूला सरकली, खरंच सरकली. "छोड़ो उसे! निकलो, सब निकलो!" हरजीत ओरडला. आम्ही पळत सुटलो.

म्हातारा सगळ्यांच्या पुढं जाऊन पुलाच्या तोंडाशी उभा राहिला. आम्ही एकेक बाहेर पडलो तसा प्रत्येकाच्या पाठीवर हात मारत होता. "यू. यू. यू. यू." सगळे आलो. तरी तो हलेना. आतल्या अंधाराकडं तोंड करून, हात तसाच पुढं धरून उभा. जसं अजून एक जण यायचं आहे. केविननं कॉलरला धरून ओढला तेव्हा आला.

पूल राहिला. पाणी उघड्या खिडक्यांतून आरपार गेलं, ती एक बंद खिडकी फुगली पण सुटली नाही.

म्हातारा राहिला नाही. पाण्यात भिजला, छातीत कफ धरला, हॉस्पिटलातून वैशालीच्या होममध्ये आणला. घरी पाठवायला कुणी तयार नव्हतं, त्याची हत्यारं शायरनं आधीच नेली होती. मी रोज जायचे. मला वाटलेलं, तिथं उच्छाद मांडेल. पहिल्याच दिवशी त्यानं उठून खिडकी ढकलून बघितली. तिथल्या खिडक्या वीतभरच उघडतात, माणसं पडू नयेत म्हणून. त्यानं परत ढकलली. वीतभरच. माझ्याकडं वळून म्हणाला, "मिसेस, कामाची माणसं आहेत ही." मग पलंगावर पडला तो शांत. त्याला इतका शांत मी कधी बघितला नव्हता. वैशालीच्याच शिफ्टमध्ये गेला. तिनं त्याचे डोळे मिटले. नवऱ्याचे मिटायला मिळाले नव्हते.

मातीला आम्ही पुलावरचेच होतो आणि केविनची बायको.

आता पूल दुरुस्त झाला. खिडक्यांना जाळ्या लावल्यात, नदी दिसते, बाहेर पाटी पण आहे. ती एक खिडकी तेवढी खिळ्यांनी भरलेली तशीच आहे. कागदावर तिचं काय केलं ते हरजीतला ठाऊक. मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

लाँग वीकेंडला तुम्ही लोक मेलबर्नहून गाड्या भरून येता. आपलीच माणसं असतात, मराठी कानावर पडतं, मला बरं वाटतं. पोरं त्या फळीला पाय लावून ओढतात, काठीनं खिळे उचकटायला बघतात, मागं काय आहे म्हणून. मागं काही नाही. बाकीच्या खिडक्यांतून दिसते तीच नदी आहे. तेवढी एक फळी हलवू नका.